धाकटी आमदार झाली

प्रिय मेई,
थोरल्या लेकीकडून आईला खूप प्रेम.

१. काल मेघालय विधानसभेचे निकाल लागले.
२. आपली दाफिशा निवडून आली.
३. मला हे मामाने फोनवर सांगितलं, तुम्ही दोघींनी नाही.

मामा म्हणाला, "अगं पोरी, बहीण आमदार झाली, जरा हस की!"
"हसतेय, मामा."
"मग ऐकू का येत नाही?"

चेन्नईत माझं बरं चाललंय, जेवण वेळेवर होतं. तुझा गुडघा कसा आहे? काल आलेल्यांना पान-सुपारी पुरली का?

आपल्यात घर धाकट्या लेकीचं, हे मला लहानपणापासून मान्य आहे. उमेदवारीही तिचीच, हे मात्र मामाने परस्पर ठरवल्यावर कळलं. ज्या नळयोजनेवर तिने मतं मागितली, ती मी आखून दिली होती. भाषण ती माझ्यापेक्षा चांगलं करते, हेही खरं.

प्रचारासाठी माझी खोली तू तिला दिलीस. आता तिथेच तिचं कार्यालय राहणार, असं मामा म्हणतो. मला ईस्टरला घरी यायचं आहे. मी कुठे झोपायचं, ते तू स्वतः पंधरा तारखेपर्यंत कळव. तिकीट त्यानंतर काढेन.

तुझी,
इबानरी