चाळीस घरं आणि हुग्गी

३ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ७.
पीएच.डी.चं पाचवं वर्ष. आता गंभीर व्हायचं. विषय: ग्रामीण स्त्रियांचा आहार आणि रक्तक्षय. ३१ मार्चच्या आत निष्कर्ष हवा, नाहीतर नोंदणी रद्द. माझ्या गाईड मंजुश्री मॅडम म्हणाल्या, शिवप्रसाद, ही शेवटची मुदतवाढ. मॅडमना अजून माझी खरी किंमत कळलेली नाही.
संकल्प १: शिरूर अनंतपाळजवळचं एक गाव, चाळीस घरं, प्रत्येक घरी लागोपाठ दोन दिवस. बाईला विचारायचं, काल काय खाल्लं? लिहून घ्यायचं.
संकल्प २: साखर बंद. आहारशास्त्राच्या माणसानं आदर्श घालून द्यावा. वजन ७४.

त्याच दिवशी, संध्याकाळ.
पहिलं घर कमलम्माचं. कालचं जेवण: दीड भाकर, शेंगदाण्याची चटणी. एवढंच? म्हणाली, हाव, आनि काय पायजे? लाजली असणार. मग म्हणाली, पाव्हणं पहिल्यांदा आलं, तसंच कसं जाऊ द्यावं? हुग्गी केली. गव्हाची खीर, गूळ घालून, वर तूप. दोन वाट्या खाल्ल्या. साखर बंद आहे, गूळ वेगळा.

४ फेब्रुवारी.
पुन्हा कमलम्मा. विचारलं, काल घरात काय केलं होतं? हुग्गी, तूप, कढी, धपाटे. बघा! एका दिवसात लाज गेली, खरं बाहेर आलं. याला म्हणतात विश्वास संपादन करणं.

११ फेब्रुवारी.
बारा घरं झाली. सगळीकडे तेच. पहिल्या दिवशी भाकर-चटणी, दुसऱ्या दिवशी हुग्गी-तूप. शास्त्रीय निर्णय: पहिल्या दिवसाचे फॉर्म बाद. कागद वाया जाऊ नये म्हणून बाराव्या घरच्या सरजाबाईनं दिलेले धपाटे त्यातच बांधून आणले.
पॅन्ट आटल्या. लातूरच्या बोअरच्या पाण्यात धुतल्याचा परिणाम.

१९ फेब्रुवारी.
तनुजाचा फोन. माझ्याच बॅचची, लोहा तालुक्यात हेच काम करते. न सांगता जाते, चुलीजवळ बसते, चहासुद्धा घेत नाही. चार महिन्यांत अकरा घरं! तिला समजावलं, लोकांशी नातं जोडावं लागतं. तिनं विचारलं, तुला जेवू घालतात का? म्हटलं, एकही घर सुटलेलं नाही. तिनं फोन ठेवला. भारावली असावी.

२७ फेब्रुवारी.
चाळीस घरं पूर्ण! बायका दिवसाला सरासरी चाळीस ग्रॅम तूप खातात.
वजनकाटा मात्र बिघडला. बायकांना कमी दाखवतो, मला जास्त. कमलम्मा ३९. मी ८०.

५ मार्च.
काटा दाखवून आणला. दुकानदार गुरुलिंग म्हणाला, काट्याला काय बी झालेलं न्हाई. दुसरा दुकानदार बघावा.
बायकांच्या रक्ततपासणीचे रिपोर्ट आले. हिमोग्लोबिन सरासरी साडेआठ. एवढं तूप खाऊन रक्त कमी! पाच मिनिटं घाबरलो. मग नाव सुचलं: मराठवाडा पॅराडॉक्स. परदेशी जर्नललाच पाठवणार.

१८ मार्च, नांदेड.
सेमिनार. पॅराडॉक्सच्या स्लाइडवर मॅडमनी थांबवलं. हे तूप कुणी खाल्लं? बायकांनी, म्हटलं. पाहिलंस? नाही. तेव्हा तू काय करत होतास? जेवत होतो, म्हटलं. सभागृह हसलं. तनुजा तेवढी हसली नाही, ते जास्त लागलं.
पहिल्या दिवसाचे फॉर्म मागितले. धपाट्यांचं बोललो नाही. म्हणाल्या, ३१ तारखेपर्यंत दहा घरं तरी खरी करून आण.

२० मार्च.
कमलम्माला विचारलं, ती हुग्गी तुम्ही खाल्ली होती का? न्हाई की, म्हणाली. तुमी खाल्ली, मालकानं खाल्ली, लेकरांनी खाल्ली. काय केलतं ते तुमी इचारलं, ते म्या सांगितलं. मग तुम्ही काय खाल्लं? रातची अर्धी भाकर होती की, म्हणाली. जगातली सगळ्यात साधी गोष्ट सांगावी तसं.
चाळीस घरांत मी दोन-दोन वाट्या खाल्ल्या. फार लाज वाटली. इथे कुणी वाचत नाही म्हणून लिहितो.
संकल्प: उद्यापासून स्वतःचा डबा. कुणाच्या घरचा घासही नाही.

२१ मार्च.
मेसचा डबा घेऊन कमलम्माच्या अंगणात बसलो. तिनं झाकण उचलून पाहिलं. म्हणाली, ह्ये खाऊन शिकता व्हय तुमी? डबा आत गेला, हुग्गी बाहेर आली. नको म्हटलं, तर म्हणाली, मंग कागदं उचला आन् निघा.
दोन वाट्या.
पण आज हट्टानं तिलाही समोर बसवलं, आणि ती खात असताना पाहून लिहिलं. पाच वर्षांतला माझा पहिला खरा फॉर्म:
कमलम्मा. मेसच्या पोळ्या दोन, बटाट्याची भाजी, लोणच्याची फोड एक.