कापणीचा पहिला दाणा

डुलुथ, मिनेसोटा
२२ सप्टेंबर १९९६

ती. मार्डेलताईस,
रॉन्डाचा सा. न. वि. वि.

आईच्या थडग्यावरचा दगड बसवायला ब्रिटाला घेऊन येते आहे. आता हसू नकोस, नीट वाच. पोरीला सोयाबीन अजिबात चालत नाही. कणभर पोटात गेलं तरी घसा सुजतो, श्वास अडकतो. मागच्या वर्षी शाळेतल्या एका बिस्किटानं ती मरता मरता वाचली. तेव्हा दुकानातला पाव नको, डब्यातलं सूप नको, मार्गारीन नको. सगळ्यात मेलं सोया घातलेलं असतं. बटाटे उकड, लोण्यावर परत, बस्स. पाव मी घरचा आणते. कापणी चालू असेल तर धूळ उडेल, तिच्या खोलीच्या खिडक्या लावून घे.

डीननं पोरीसाठी पुन्हा कोर्टात अर्ज केलाय. मी म्हणे तापट, पोर माझ्याकडे सुखरूप नाही. घटस्फोट झाल्यावर बरा माझा स्वभाव कळला त्याला! एवढंसं निमित्त मिळालं तरी तो ब्रिटाला घेऊन जाईल. म्हणून म्हणते, बाबांना सगळं आधीच समजावून ठेव.

भावोजींना नमस्कार. माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी रॉन्डा


एल्क प्रेअरी, २८ सप्टेंबर

चि. रॉन्डास,
अनेक आशीर्वाद.

अगं बाई, मग खायचं काय तिनं, वारा? कपाट उघडून डबे वाचायला बसले, तर एकेक करून सगळेच बाहेर. चर्चच्या जेवणाला बायका भांडी भरभरून आणतात, त्यातलं एकही तिला चालायचं नाही. तिच्यासाठी वेगळी कढई आणि वेगळा झारा काढून ठेवलाय, काळजी नको.

बाबांना सांगितलं. ते म्हणाले, जन्मभर हेच पीक घेतोय, त्यानं कुणी मेलेलं पाहिलं नाही. पोरीला शहरानं नाजूक करून ठेवलंय. वर म्हणाले, यंदा पहिला दाणा तिच्याकडूनच फोडून घेणार. आपल्या घरची रीत आठवते ना? पहिला ट्रक भरला की घरातल्या पोरानं दाणा दाढेखाली धरायचा. कट्कन फुटला तर माल सुकला, चेपला तर कापणी थांबवायची. मी रडले म्हणून माझ्या कानाखाली बसली होती. तू मात्र फोडून मोकळी झालीस. मी त्यांना चांगलं बजावलंय. तू बिनघोर ये. आणि तापट तर तू आहेसच, कुणावर गेलीस ते काय सांगायला हवं?

लेकीला गोड पापा. ताईची आठवण असू दे.
तुझी मार्डेल


एल्क प्रेअरी, ९ ऑक्टोबर

चि. रॉन्डास,
आशीर्वाद.

ब्रिटा कशी आहे? तिला डुलुथच्या मोठ्या दवाखान्यात हलवलंस, एवढंच कळलं. फोन उचलत नाहीस म्हणून लिहिते.

बाबांचा जबडा दोन ठिकाणी मोडलाय. तारांनी बांधलाय, नळीनं पातळ तेवढं पितात. डाव्या कानानं ऐकू येत नाही. रॉन्डा, धान्य उपसायचं लोखंडी फावडं गं! पोरीला पिशवीतली औषधाची सुई टोचलीस, तिला श्वास फुटला, तिथं थांबायचंस ना. उठलीस ती फावडं घेऊनच. ते खाली पडले तरी मारत राहिलीस. ह्यांनी मागून कवळ घातली नसती तर आईशेजारी दुसरा खड्डा खणावा लागला असता. ट्रकच्या पायरीवरचं रक्त मी दोनदा धुतलं, जात नाही.

ट्रकवाल्यानं शेरीफला कळवलं. खटला उभा राहिला तर डीनचं फावतं, हे मलाही कळतं. बाबांनी कागदावर लिहून सांगितलं की त्यांनी दाणा नुसता दाखवला, पोरीनंच तोंडात टाकला. तू दोन ओळींची माफी माग, म्हणजे ते पाय घसरून पडलो म्हणून सांगतील. तुझ्या पाया पडते, माझं ऐक.

रागावलीस तरी आपली समजत जा.
मार्डेल


डुलुथ, १४ ऑक्टोबर

ताई,

नमस्कार-चमत्कार आज राहू देत. ब्रिटा जगली. गालांवर दोन्हीकडे बोटांचे वळ आहेत. ती म्हणते, मी नको म्हणाले, आजोबांनी नाक दाबलं. सहा वर्षांच्या पोरीचं ऐकतो कोण? शेरीफ मला म्हणाला, घाबरलेली मुलं असं काहीबाही रचून सांगतात.

माफी? फावडं हातातून सुटलं, त्याचंच मला वाईट वाटतं. माझ्या पाठीवर त्यांच्या पट्ट्याचे वण आहेत, तुझ्याही आहेत. ते आपण मुकाट गिळलं. हे नाही गिळणार. डीनचा वकील कागद तयार करतोय. ब्रिटाला नेलं तर मी वेडी होईन, ताई, भिंतीवर डोकं आपटून घेईन. तरी माफी मागणार नाही. मी माफी मागितली तर माझी पोर खोटी ठरते.

रॉन्डा


एल्क प्रेअरी, २० ऑक्टोबर

रॉन्डा,

बोलता येत नाही म्हणून लिहितो. पत्रं तुझी आई लिहायची.

पोर खरं बोलते. तू घरात पाव कापत होतीस, ट्रकवाला वर केबिनमध्ये होता. ती नको म्हणाली. खाल्लं तर मी मरेन असं आई सांगते, म्हणाली. मला वाटलं, थेरं आहेत. मी तिचं नाक दाबलं, जबडा धरून तोंड उघडलं, दाणा दाढेखाली घातला आणि हनुवटी वर दाबली. कट्कन फुटला. माल सुकलाय, असं मी ट्रकवाल्याला ओरडून सांगितलं. मग तिच्याकडे पाहिलं.

हेच काल शेरीफला लिहून दिलं. डीनच्या वकिलालाही धाडलं. शेरीफ म्हणाला, आता तुला कुणी हात लावणार नाही, खटला माझ्यावर होईल. होऊ दे.

मार्डेल रडली. तिला वाटतं, मी सुधारलो. रात्री जबडा ठणकतो तेव्हा मला अजून वाटतं, उठून जावं आणि तुला लाथांनी तुडवावं. या वयात हात आवरायला मी शिकणार नाही. म्हणून पोरीला इथं आणू नकोस. कापणी असो नसो, मी जिवंत आहे तोवर आणू नकोस.

पत्राच्या शेवटी लोभ असावा म्हणून लिहितात. मी लिहीत नाही.

तुझा बाप
हार्लन