मान नको, तोंडाने बोला

आई, मिरच्या भाजून काळ्या झालेल्या तुझ्या हातांचा मुका.

मी ठणठणीत आहे, वेळेवर जेवते. मिरच्यांच्या बरण्या एकटीने उचलू नकोस. कारखान्याचा विषय निघाला की बाबा अजून ताटावरून उठून जातात का?

काल आमच्या प्रयोगशाळेत गेन्चो आला. जॅमच्या कारखान्यात सगळ्यांदेखत बाबांच्या थोबाडीत मारणारा तोच मुकादम. प्रयोगाला धडधाकट माणसं हवी होती, हा आपणहून आला. मला ओळखलं नाही. मी त्याच्या केसांत चिकट लगदा लावून मेंदूतले संकेत टिपणारी तारांची टोपी चढवली. मनात येईल तेव्हा बटण दाबायचं, एवढंच काम.

मग त्याला पडद्यावरची रेघ दाखवली. "बोट हलायच्या सेकंदभर आधीच डोक्यात तयारी सुरू होते."

"म्हणजे हात आपोआप उठत नाही?"

"नाही. मग स्तोयानवर कसा उठला? मी त्याची मुलगी."

तो मान हलवू लागला. चौकशीत "मुद्दाम मारलंस?" विचारल्यावरही त्याने अशीच डावी-उजवीकडे हलवली होती. आपल्या देशात तो होकार. इटालियन मालकाने नकार धरला आणि खोटी तक्रार केली म्हणून बाबांनाच घरी बसवलं.

"मान हलली की रेघ बिघडते," मी म्हटलं. "तोंडाने बोला."

त्याने मान थांबवली आणि म्हणाला, "मारायचंच होतं."

मी टोपी काढली, पण त्याच्या केसांतला लगदा पुसला नाही. तसाच भर बाजारातून गेला मेला.

बाबा जेवायला बसले की हे वाचून दाखव. आज उठणार नाहीत.

तुम्हा दोघांची,
कालिना