बोरखेडीत प्रेस आणायचं धोरण

२ डिसेंबर १८६३, सकाळ
आजपासून इंग्रजी तारीख. उद्या सरकारनं वही मागवली तर बोरखेडीचा पाटील मागासलेला वाटू नये. अमेरिकेत लढाई चालू, विलायतेले आपला कापूस पाहिजे. अमरावतीले एक साहेब आला, गठाणी दाबायचा प्रेस टाकायले गाव शोधून राह्यला. शेजारच्या पिंपळखेडचा खुशालराव पाटीलही खटपट करते म्हणे. करू दे बापा! त्याच्यापाशी धोरण नाई.

४ डिसेंबर
धोरण तयार. कलम एक: साहेबाले लागनारी सारी परवानगी एकाच ओट्यावर. माझ्या. कलम दोन: गावातले कुत्रे साहेबावर भुंकणार नाईत. कलम तीन: जो वजन वाढवायले कापसाले पानी मारीन, त्याची चावडीवर बेइज्जती. पुंजाराम कोतवालानं दवंडी दिली. बायको माणिकबाई म्हणे, कुत्र्याइले कोन समजावनार? तिले राज्यकारभार समजत नाई.

९ डिसेंबर
प्रेसले जागा पाहिजे म्हणून मळ्यातली वांगी उपटली. ऐन भरातली होती. माणिकबाई लय भडकली. म्हणे, साहेबानं हो तरी म्हटलं काय? म्हटलं, म्हणनच. प्रेस आला की आपला शालिकराम अकोल्याची हमाली सोडून घरी येईन.  मग तिनं पदरानं डोळे पुसले. दोन वर्षं झाली पोराले जाऊन. मलेही भरून आलं, पण पाटलानं रडू नये.

२० डिसेंबर, सांज
उद्या साहेब येते! रस्त्याच्या दोन्ही अंगाले साऱ्या गावाच्या कापसाचे ढीग लावले. गावाची ऐपत दिसली पाहिजे.

२१ डिसेंबर
पाव्हणा येणार अन् सडा नाई? असं कसं! पहाटेच पुंजारामाकडून रस्ताभर पानी शिंपून घेतलं. ढिगाइवर फुफाटा बसला होता, म्हणून म्हटलं, तिथंही मार चार पखाली. माणिकबाई म्हणे, कापसापाशी पानी नोका नेऊ. पण मानपानाचं बायकाइले काय समजते!

साहेबानं ढिगात कोपरापर्यंत हात घातला. ओला निंघाला. दुभाषी म्हणे, साहेब म्हणते, पानी मारता तर लपवून तरी मारा. म्हटलं, हा पाव्हण्याचा मान होय. त्यानं काय सांगतलं देव जाणे, साहेब घोड्यावर बसून गेला. हार माझ्या हातातच. साहेब भारावला असन. मोठे लोक जास्त बोलत नाईत.

४ जानेवारी १८६४
प्रेस पिंपळखेडले. खुशालरावानं म्हणे साधा रस्ताही झाडला नव्हता. अशा लोकाइले काहून देते? उलटं पाह्यलं तर फायदाच आहे. कटकट त्याची, कापूस दाबून मिळन आपला.

१२ मार्च, पिंपळखेड
काल कापूस घेऊन प्रेसवर आलो. फाटकावर शालिकराम! अकोला सोडून इथंच लागला, कापूस तपासायच्या कामाले. राहतेही इथंच. म्हणजे धोरण सफलच झालं. मी गाडीवरून उतरलो, तर त्यानं पाया पडून पहिले बोऱ्यात हात घातला. म्हणे, बाबा, साहेबाचा हुकूम आहे, तुमच्या गावच्या कापसाले वजनाआधी दोन दिवस ऊन दाखवा लागते. तुमच्या गावच्या, म्हणे. काल त्यानंच भाकर आणून दिली. आजचा दुसरा दिवस, उन्हात बसून कापूस राखून राह्यलो.