फायद्याच्या रकान्यातली ओळ

४ मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.,

माझी पत्रं तू आईला वाचून दाखवतेस, पण हे आधी एकटीने वाच. मला ऑफिसची शिसारी आली आहे. वाढत्या उन्हावर तोडगा म्हणून तुमच्या गल्लीतल्या पत्र्यांना पांढरा रंग, रस्त्यावर सावली आणि एक गार हॉल, असा आराखडा आहे. त्याचा खर्च आणि फायदा मांडायचं काम आमच्याकडे. फायदा म्हणजे माणसं वाचतील. तर साहेब म्हणाले, गल्लीत सगळे म्हातारे, कमावतं कुणी नाही, वाचून जगणार किती! एवढ्यावर भागलं नाही. काहीच न करण्याचा फायदा म्हणून त्यांनी एक ओळ घालायला लावली: उन्हाने जाणाऱ्यांची वाचलेली पेन्शन. हे सांगताना ते सँडविच खात होते.

चिडवणं चालू ठेव, लोभही राहू दे.

तुझा धाकटा

९ मार्च

चि. धाकट्यास अ. आ.,

एकटीने वाचायला या घरात खोल्या आहेत कुठे? आईने पत्र हातातून ओढूनच घेतलं. मी तुझ्या साहेबाला मनसोक्त शिव्या घातल्या. गेल्या उन्हाळ्यात शेजारचे घड्याळवाले खुर्चीत बसल्या बसल्या गेले, तेही त्याच्या हिशेबी नफाच म्हणायचे! थू! वाचून अंघोळ करावीशी वाटली.

आई मात्र चिडली नाही. पत्रा तापला की ओला टॉवेल डोक्यावर घेऊन ती जिन्याखाली बसते, तशीच बसून होती. म्हणाली, पोराचं अक्षर बिघडलंय. मग विचारलं, अहवालावर सही कोण करतं? तूच ना? सगळं लिहिलंस, सँडविचसुद्धा, सहीचं तेवढं राहिलं. उत्तर तिलाच लिही.

तब्येत सांभाळ, आणि आमच्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी ताई

१५ मार्च

ती. आईस शि. सा. न.,

सही मीच केली, ताईला लिहिलं त्याच्या आदल्या दिवशी. साहेबांना तोंडावर बोलायची हिंमत झाली नाही. वाटलं, वर कुणीतरी ती ओळ वाचेल, त्याला लाज वाटेल आणि तो ती खोडेल. साहेबांचं नाक कापलं जाईल आणि मी नामानिराळा राहीन. आता माझीच मला किळस येते. नेहमीसारखा लोभ मागायला तोंड नाही.

काल अहवाल परत आला. तुमची गल्ली आराखड्यातून वगळली आहे. त्या ओळीशेजारी हिरव्या शाईत शेरा आहे की हिशेब उत्तम, बाकीच्या गल्ल्यांनाही हाच लावावा.

तुझा धाकटा