मधल्या पायरीवरचे अंगठे

बाबा,

काल संध्याकाळी टीव्हीवर पुन्हा तेच चाललं होतं. कुठल्यातरी राज्याचा निकाल लागलेला, आणि हरलेल्या पक्षाचे पाच-सहा नेते एका टेबलामागे दाटीवाटीने बसून सांगत होते की हा निकाल आम्हाला मान्य नाही, मोजणीत घोटाळा झालाय, पुरावे योग्य वेळी बाहेर काढू. तुझा जावई म्हणाला, "असेल गं खरं, उगाच कोण बोलेल?" मी म्हटलं, "असेलही, नसेलही. पण त्यांच्यातला मोजणीच्या टेबलाशी कोण उभा होता ते आधी विचारा." एवढं बोलून मी भाकऱ्या करायला उठले. पिठात हात घातला आणि तू दिसायला लागलास, खांद्यावर तो ग्रीसचे डाग पडलेला टॉवेल टाकून. तू गेलास त्याला वीस वर्षं होऊन गेली. एवढ्या वर्षांत तुला पत्र लिहावं असं कधी वाटलं नाही, आणि काल भाकरी तव्यावर करपली तरी माझं लक्ष नव्हतं.

आपलं सायकलचं दुकान मला आजही जसंच्या तसं आठवतं. कोपर स्टेशनाकडून गावात येताना डाव्या हाताला. दारावर एकच फळी, तिच्या एका बाजूला 'पंक्चर काढून मिळेल' आणि दुसऱ्या बाजूला पक्षाच्या शाखेचं नाव आणि शिडीचं चित्र. शिडी ही आपल्या पक्षाची निशाणी. सकाळी फळीची एक बाजू रस्त्याकडे, संध्याकाळी दुसरी. आई मासळीची पाटी घेऊन बाजारातून आली की म्हणायची, "दिवसभर लोकांच्या सायकलींत हवा भरायची नि रात्री पक्षात. पैसे मातर सायकलीचेच मिलतात." तू हसायचास. वीस वर्षं तू त्या पक्षाचं काम केलंस आणि वीस वर्षं आपण हरलो. मग ऐंशीचं दशक सरता सरता विधानसभेला साहेब उभे राहिले. डोंबिवलीतले वकील, साधा माणूस, गावागावात चालत फिरायचा. पहिल्यांदाच वाटायला लागलं की यंदा शिडी लागणार. साहेबांनी तुला आपला निवडणूक प्रतिनिधी केलं, म्हणजे मोजणीच्या वेळी मोठ्या अधिकाऱ्याच्या टेबलाशी उमेदवाराच्या वतीने उभं राहायचा मान. तू दोन दिवस आधीच पांढरा शर्ट इस्त्रीला टाकलास.

तेव्हा मतदान कागदावर होतं. मतपत्रिकेवर निशाण्यांची रांग, आणि आपल्या निशाणीवर सरकारी रबरी शिक्का मारायचा. आपल्या गावातल्या बायकांचे शिक्के दरवेळी दोन निशाण्यांच्या मधल्या रेघेवर पडायचे आणि मतं फुकट जायची. म्हणून तू मला म्हणालास, "बाय, तू बालवाडीत पोरांना शिकवतंस, आता जरा त्यांच्या आज्यांना शिकव." पक्षाने नमुन्याच्या मतपत्रिका आणि खऱ्यासारखा एक शिक्का पाठवला होता, तो डबा तू माझ्या हातात दिलास. मी तेवीस वर्षांची, स्वतःला फार हुशार समजणारी. मी ठरवलं, दोन दिवस शिकवायचं. पहिल्या दिवशी फक्त जागा ओळखायची, दुसऱ्या दिवशी शिक्का. बालवाडीत मी पोरांना अंगठा रंगात बुडवून फुलं काढायला लावायचे, तीच युक्ती इथे. आपल्या ओटीवर साठ-सत्तर बाया, मध्ये लाल रंगाची परात, आणि मी ओरडतेय, "शिडीच्या मधल्या पायरीवर! वर नाही, खाली नाही, मधल्या पायरीवर अंगठा!" काय हसलो आम्ही त्या दिवशी! तांडेलाची म्हातारी तर परत परत अंगठा बुडवत होती, म्हणे माझी पायरी अजून नीट येत नाय. दुसऱ्या दिवशी गावात हळद होती, बाया आल्या नाहीत, आणि शिक्क्याचा डबा तसाच राहिला. मतदानाच्या आदल्या दिवशी तू चाकाच्या तारा आवळता आवळता विचारलंस, "शिक्का दाखवलास ना गो सगल्यांना?" मी म्हटलं, "हो."

मतदानाच्या दिवशी दुपारी तांडेलाची म्हातारी दुकानासमोर उभी राहून मला जांभळा अंगठा दाखवते आहे. सही येत नाही म्हणून केंद्रावर रजिस्टरला अंगठा घेतलेला, ती शाई. "तोच ओला अंगठा मी आत जाऊन असा दाबलाय शिडीवर," ती म्हणते, "मधल्या पायरीवर, बरोब्बर! तो शिक्का दिलावता तिथल्या बाईनी, मी बाजूला ठेवला. म्हनलं, आमच्या बायनी सांगलं तसंच करनार." मी हसले आणि तिला चहा पाजला. वाटलं एकटीच असेल. वाटलं म्हणजे, तसं वाटून घेतलं.

ठाण्याला मोजणी दुसऱ्या दिवशीही चालली. तू नंतर एकदाच सगळं सांगितलंस, पण इतकं नीट की मला ते पाहिल्यासारखं वाटतं. संशयास्पद मतपत्रिका अधिकाऱ्याच्या टेबलावर येत होत्या. अधिकारी निवृत्तीला आलेला, चष्मा दोऱ्याने बांधलेला, एकेक कागद उचलून सगळ्या उमेदवारांच्या माणसांना दाखवायचा आणि विचारायचा, "बोला, काही हरकत?" पहिल्या अंगठ्याला तू भांडलास. मत कोणाला आहे ते आंधळ्यालाही दिसतंय, म्हणालास. तो म्हणाला, "मलाही दिसतंय हो. पण नियमात शिक्का लागतो, अंगठा चालत नाही. मी काय करू?" दुसरा अंगठा आला, पाचवा आला, दहावा आला. आणि मग तुझ्या लक्षात आलं की सगळे अंगठे शिडीच्या मधल्या पायरीवर आहेत. त्यानंतर तू हरकत घेतली नाहीस. प्रत्येक कागद बघायचास आणि मान हलवायचास. आपल्या ओटीवरून शिकून गेलेल्या बायांनी घरी जाऊन सुना-जावांनाही तेच शिकवलं होतं, त्यामुळे बाद मतं शंभराच्या वर गेली. साहेब हरले ते शंभराच्या आत.

निकालाचा कागद सुकायच्या आत जिल्हाध्यक्ष जीपच्या बॉनेटवर चढले. अधिकारी विकला गेलाय, आपली मतं ठरवून बाद केली, रक्त सांडू पण हा निकाल मानणार नाही! दुसऱ्या दिवशी बंद. बाजारात दुकानांची शटरं पटापट खाली. त्या अधिकाऱ्याच्या घरावर दगड पडले, त्याच्या बायकोला कपाळावर लागलं, असं आईने बाजारातून ऐकून आणलं. आई पाटी आपटून म्हणाली, "नाचता येईना नि अंगण वाकडं! म्हाताऱ्यानी काय केलंय यांचं?" तेव्हा मी रडायला लागले आणि तुम्हा दोघांसमोर सगळं ओकले, परात, रंग, अंगठे, हळद आणि ते 'हो'. तू ओरडशील म्हणून मी वाट बघत होते. तू टॉवेलला हात पुसलेस, बराच वेळ पुसलेस. मग म्हणालास, "बालवाडीत पोर चुकला तर तू काय करतंस?"

"परत दाखवते."

"मंग? रडून काय तो शिकतो?"

एवढंच. आयुष्यात तू मला रागावलास ते असं. मी म्हटलं मी सांगते सगळ्यांना, माझी चूक आहे. तू म्हणालास, "तू गप ऱ्हायची. शाखा माझी, ओटी माझी, नि डबा मी दिला. शिक्का दाखवला का नाय ते बघायचं काम माझं होतं."

चार दिवसांनी ठाण्यात पक्षाची बैठक झाली आणि तू मला बरोबर नेलंस. हॉल खच्चून भरलेला, पंखे नुसते आवाज करणारे. पुढे खुर्च्यांवर जिल्हाध्यक्ष, साहेब आणि मुंबईहून आलेले मोठे नेते. कोर्टात जायचं ठरलेलं होतं, कलेक्टर कचेरीवर मोर्चा ठरलेला होता, फक्त तुझी सही हवी होती. प्रतिज्ञापत्र टाइप करून तयार. त्यात लिहिलेलं की मतपत्रिकांवर नीट शिक्के होते आणि मोजणीच्या टेबलावर त्यांना मागाहून शाई फासली, हे मी डोळ्यांनी पाहिलं. त्या टेबलाशी पक्षाचा दुसरा माणूसच नव्हता, त्यामुळे तुझ्याशिवाय हे कोणी लिहून देऊ शकत नव्हतं. तू चष्मा लावून दोनदा वाचलंस. मग कागद टेबलावर ठेवलास आणि उभा राहून म्हणालास, "यातला येकपन मी बघितला नाय. अंगठे आमच्या गावच्या बायांचे हायत. त्यांना चुकीचं शिकवलं गेलं. शिकवनारा मी."

मागून शिट्ट्या सुरू झाल्या. जिल्हाध्यक्ष ताडकन उठले, "तुला काय हरिश्चंद्र व्हायचंय? सही कर आणि खाली बस!" मोठ्या नेत्यांनी त्यांना हाताने बसवलं. ते फार गोड बोलायचे. म्हणाले, "अहो, तुमचं खरं असेल. पण आता कार्यकर्ते रस्त्यावर उतरलेत. एवढं पुढे आल्यावर मागे कसं जायचं?"

तू म्हणालास, "आलो तसंच. चालत."

कोणीतरी हसलं, कोणीतरी शिवी दिली. मी तिसऱ्या रांगेत बसले होते. उठावं असं मला फार वाटत होतं, आणि मी उठले नाही. तू माझ्याकडे एकदाही बघितलं नाहीस. आता कळतं, मुद्दाम बघितलं नाहीस, मी उठू नये म्हणून. तुझी सही नाही म्हटल्यावर कोर्टाचं बारगळलं, मोर्चा पुढच्या आठवड्यावर गेला आणि तिथून विस्मरणात गेला. दुसऱ्या दिवशी पक्षाची पोरं येऊन आपली फळी काढून घेऊन गेली. 'पंक्चर काढून मिळेल' पण तिच्याबरोबरच गेलं. तू खडूने भिंतीवर लिहिलंस आणि सकाळच्या पहिल्या सायकलीचं चाक काढलंस. एकटे साहेब महिनाभराने दुकानात आले, ट्यूबच्या खोक्यावर बसून चहा प्यायले. म्हणाले, "माझ्या हातून ते प्रतिज्ञापत्र कोर्टात गेलं असतं ना, तर मला वकिलीचा काळा कोट घालताना लाज वाटली असती." मग उठता उठता त्यांनी सायकल नसताना हवेचा पंप विकत घेतला.

पुढच्या निवडणुकीपर्यंत तुला कुठलाच पक्ष उरला नव्हता. तरी मतदानाच्या आधी तू जुन्या टायरच्या रबराचा एक शिक्का कापलास, लाकडी मुठीवर खिळ्याने ठोकलास आणि माझ्या हातात दिलास. "चल, परत दाखव," म्हणालास. ओटीवर पुन्हा बाया जमल्या, या खेपेला सगळ्या पक्षांच्या घरातल्या. तू दाराशी उभा राहून सांगत होतास, "कोनालापन द्या, मना नका सांगू. पन फुकट नका घालवू." तांडेलाच्या म्हातारीने शिक्का मारला आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "हे आधी सांगाचा होता ना गो!" सगळ्या हसल्या. मीही हसले, त्या मतदानानंतर पहिल्यांदा मोकळेपणाने. बाबा, मी पुढे तीस वर्षं पोरांना शिकवलं, आणि त्यातलं जे काही बरं शिकवलं ते त्या एका वाक्यावर. परत दाखव. कुठल्या पोरावर हात उचलला नाही, कुणाला मठ्ठ म्हटलं नाही. लोक मला चांगली बाई म्हणतात तेव्हा मला तुझा तो टॉवेल आठवतो. मी तुझे पाय धरून हे कधी सांगितलं नाही. सांगायला हवं होतं.

तो शिक्का अजून माझ्याकडे आहे. आता बटणाची यंत्रं आली, शिक्क्याचं काम उरलं नाही. नात त्याने वहीवर ठसे काढते. काल भाकऱ्या झाल्यावर तो हातात घेऊन बसले आणि म्हटलं आता लिहूनच टाकू. तुझा जावई विचारतोय काय लिहितेस, मी म्हटलं वाणसामानाची यादी. हे पत्र मी कपाटात शिक्क्याच्या डब्यात ठेवणार आहे, दुसरं कुठे ठेवणार?

एकच राहिलं. त्या दुसऱ्या दिवशी गावात हळद नव्हती. बाया आल्या होत्या, तासभर आपल्या ओटीवर माझी वाट बघत बसल्या होत्या. मी ठाण्याला तलावाच्या कठड्यावर भेळ खात बसले होते, खोपटच्या एसटी डेपोत नव्याने लागलेल्या एका कंडक्टरबरोबर, जो पुढे तुझा जावई झाला. आयुष्यभर मी तुला हळदीचं सांगत आले आणि तू मान हलवत आलास. पण बाबा, आपल्या गावात हळद आणि तुला आमंत्रण नाही, असं कधी झालं होतं का?