राजमतीचा झोपलेला हात

४ मार्च, मंगळवार

राजमती पडली! बेदाण्याच्या शेडमध्ये जाळीवरचे मणी हलवायला स्टुलावर चढली होती. या वयात! कामाला बायका होत्या की. "त्यास्नी जमत न्हाई," म्हणे. उजवं मनगट मोडलं. हात टम्म सुजलेला, आणि गोमटेशला सांगते काय — "लेका, आधी शेडचा पडदा सोड. ऊन आत याय लागलंय."

मुलानं गाडी काढली तोवर पडदा मीच सोडून आलो.

५ मार्च, बुधवार

सांगली. दवाखाना. मनगटात प्लेट बसवायची, उद्याच. हाडाचे डॉक्टर बरंच समजावत होते. माझ्या कानात एकच शब्द — भूल.

चार वर्षांपूर्वी पित्ताच्या पिशवीचं ऑपरेशन झालं, पूर्ण भूल देऊन. शुद्धीवर आल्यावर राजमतीनं मला ओळखलंच नाही. "हे म्हातारं कोण बसलंय? घालवा की त्याला." दोन दिवस तसंच. मग आली ताळ्यावर. घरात अजून हसतात त्यावर. मीही हसतो. पण तिची ती परकी नजर... पुन्हा तसं झालं आणि या खेपेला ती परत आलीच नाही तर?

भूल देणाऱ्या डॉ. भाग्यश्रींना हे सगळं सांगितलं. पोरीच्या वयाच्या, पण ऐकून घेतलं शेवटपर्यंत. म्हणाल्या, "आजोबा, पूर्ण भूल द्यायचीच नाही. गळ्याच्या हाडापाशी, नसांजवळ इंजेक्शन. खांद्यापासून खाली हात तेवढा झोपवायचा. आजी जाग्या राहतील. गोंधळणारच नाहीत असा शब्द देत नाही, पण भीती पुष्कळ कमी."

हात झोपवायचा! किती सुंदर बोलल्या. जणू पाळण्यात घालून.

राजमतीचं वेगळंच, आमचा जैनांचा नेम. "बाई, दिवस मावळल्यावर मी पानीसुदिक घेत न्हाई. आधीच सांगून ठेवते." वाटलं, आता कपाळाला आठ्या पडणार. तर त्या हसल्या — "मग सकाळचा पहिला नंबर तुमचा. मळमळ नसली की दुपारी जेवाल. दुखण्याची गोळीसुद्धा उजेड असताना."

६ मार्च, गुरुवार

आत नेलं. बाकावर बसलोय. शाळेतल्या इतक्या कविता पाठ, आज एक ओळ आठवेना.

६ मार्च, संध्याकाळ

ओळखलं! स्ट्रेचर बाहेर आलं, मी वाकून बघतोय, तर — "आसं काय बघतासा? आंघोळ तरी केलासा का न्हाई?" माझे डोळे भरले. गोमटेश म्हणाला, "अण्णा, आई ठणठणीत हाय. शिव्या चालू झाल्या."

डॉ. भाग्यश्री सांगत होत्या, यंत्राच्या पडद्यावर नसा गोल गोल दिसतात, द्राक्षाच्या घडासारख्या. त्यांनी तसं म्हणताच टेबलावरून राजमती विचारते — "जात कुठली? सोनाक्का का थॉमसन?" सगळं थिएटर हसलं म्हणे.

दुपारी मऊ भात खाल्ला. ऊन खिडकीत होतं तोवर पाणी, गोळी. मग हात जोडायला गेली, तर जुळायला एकच! हसली. डोळे मिटून पडली. गोमटेश औषधं आणायला खाली गेला होता.

प्लास्टरमधून बोटं तेवढी बाहेर. हळदीनं पिवळी झालेली नखं. हात अजून झोपलेला. टोचलं तरी कळत नाही म्हणाली होती. इतका संसार झाला, पण चारचौघांत मी कधी तिच्या बोटाला बोट लावलं नाही. आमच्याकडे तशी रीत नव्हती, आणि मला धीर नव्हता. आज धरली. शेजारच्या खाटांवर माणसं होती, तरी धरली. तिला थोडंच कळणार!

आणि आठवली — चौथीच्या पुस्तकातली नदीची कविता. हलक्या आवाजात म्हटली. घरी तोंड उघडलं की "झालं यांचं सुरू" म्हणून भांडी आपटते. इथं कोण अडवतंय! एका जागी अडखळलो. तरी पुढं रेटली.

७ मार्च, शुक्रवार

पहाटे हात जागा झाला. आधी मुंग्या, मग ठणका, पण सोसण्यासारखा. सूर्य वर आला तशी दुसरी गोळी घेतली. डॉ. भाग्यश्रींना काय द्यावं? यंदाचे पहिले बेदाणे पाठवायचे. हिरवे, निवडून. मी स्वतः निवडणार. त्यांना वाटत असेल एक हात झोपवला. माझं माणूस जागं ठेवलं त्यांनी.

९ मार्च, रविवार

तासगाव. घरी. सोप्यात बेदाणे निवडत नदीची कविता म्हणत होतो. राजमती गळ्यातल्या झोळीत हात सांभाळत येऊन बसली. भांडी आपटली नाहीत. संपेपर्यंत ऐकलं.

मग म्हणाली, "आज सगळी म्हटलासा. दवाखान्यात माझी बोटं धरून म्हणताना तिसरं कडवं गाळला हुतासा."